डोंगरांतल्या गाण्यांचें गोत्र

सन १९१६ च्या उन्हाळ्यांत, युरोपांत पहिलें महायुद्ध ऐन भरांत असतांना, सेसिल शार्प नांवाचा एक इंग्रज गृहस्थ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत पायीं हिंडत होता. वय छप्पन्न, प्रकृति दम्यानें पोखरलेली, आणि त्यांत भर म्हणजे हा गृहस्थ शाकाहारी. डोंगरांतील लोकांचें अन्न तर मुख्यतः मक्याची भाकरी आणि डुकराचें मांस! त्याच्याबरोबर मॉड कार्पेलीस नांवाची तरुण सहकारी होती. तिनें गाण्याचे शब्द टिपावे आणि त्यानें स्वर टिपावे, अशी कामाची वांटणी होती. ओढे ओलांडीत, निसरड्या पायवाटा चढत हीं दोघें एखाद्या ओंडक्यांच्या घराच्या दाराशीं जाऊन उभीं राहात, आणि घरच्या वृद्धेला जुनीं गाणीं येतात काय, म्हणून विचारीत.

आरंभीं उत्तरादाखल भजनें ऐकावयास मिळत. शार्पला हवीं असलेलीं जुनीं कथागीतें त्या भागांत 'प्रेमगीतें' ह्या नांवानें ओळखलीं जातात, हें त्याला लौकरच कळलें. आणि त्या नांवानें मागतांच जणुं कोठाराचें दार उघडलें. इंग्लंडांत हींच गाणीं मिळविण्यासाठीं त्याला सत्तरी उलटलेल्या म्हाताऱ्यांचा शोध घेत गांवोगांव फिरावें लागे. नव्या पिढीला तीं ठाऊकच नव्हतीं. येथें आजीला जें येई तें नातवालाहि येई. एका गाणाऱ्याला मध्येंच शब्द आठवेनासे झाले, तेव्हां तो खेदानें म्हणाला कीं, ह्या वेळीं गाई हांकीत घराकडे निघालों असतों तर तें गाणें झटकन् ओठांवर आलें असतें. गाणें हें बोलण्याइतकेंच सहज आणि सार्वत्रिक असलेला समाज शार्पनें आयुष्यांत प्रथमच पाहिला.

१९१६ ते १९१८ ह्या तीन वर्षांत मिळून शेहेचाळीस आठवडे हीं दोघें त्या डोंगरांत राहिलीं. २८१ गायक-गायिकांकडून त्यांनीं १,६१२ चाली उतरवून घेतल्या. हॉट स्प्रिंग्ज गांवच्या जेन हिक्स जेंट्री ह्या एकट्या बाईनें सुमारें सत्तर गाणीं दिलीं. ह्या कामाचा पहिला मान मात्र शार्पचा नव्हे. कांहीं वर्षें आधीं केंटकी संस्थानांतील हिंडमन येथील शाळेंत ऑलिव्ह डेम कॅम्बेल ह्या बाईंनीं एका विद्यार्थिनीच्या तोंडून 'बार्बरा ॲलन' हें गीत ऐकलें होतें. गीत त्यांच्या परिचयाचें होतें. परंतु त्या मुलीची चाल अगदीं निराळी आणि कितीतरी जुन्या वळणाची वाटली. तेव्हांपासून बाईंनीं गाणीं जमविण्यास आरंभ केला आणि १९१५ सालीं आपली वही शार्पपुढें ठेवली. १९१७ सालीं दोघांच्या नांवानें ग्रंथ निघाला. त्याच्या नांवाचा अर्थ 'दक्षिण ॲपलॅशियन पर्वतांतील इंग्रजी लोकगीतें' असा होतो.

'इंग्रजी' हा शब्द शार्पनें मोठ्या अभिमानानें घातला. पुढें साठ वर्षांच्या आंतच काळ पालटला, आणि तीच गाणीं, तीच फिडलवरील वाजपें 'केल्टिक वारसा' म्हणून सभा-संमेलनांत मिरवूं लागलीं. आयर्लंड आणि स्कॉटलंड येथून आलेल्या केल्ट वसाहतवाल्यांनीं हें संगीत जहाजांतून आणलें आणि डोंगरांच्या एकान्तांत तें जसेंच्या तसें टिकलें, अशी ही कथा आहे. कथा ऐकावयास गोड आहे आणि तिच्यांत सत्याचा अंशहि मोठा आहे. परंतु एखाद्या घराण्याची वंशावळ लिहितांना कांहीं नांवें मुद्दाम गाळलीं, तर उरलेलीं नांवें खरीं असूनहि ती वंशावळ खोटीच ठरते. ह्या डोंगरी संगीताच्या बाबतींत तसेंच घडलें आहे.

ज्या लोकांना ह्या कथेंत केल्ट म्हटलें जातें ते कोण, हें आधीं पाहिलें पाहिजे. इंग्लंडच्या गादीवर आलेला स्कॉटलंडचा राजा पहिला जेम्स ह्यानें सन १६०९ पासून आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतांत सरकारी वसाहत वसविण्यास सुरुवात केली. तेथील कॅथॉलिक आयरिश सरदारांच्या जप्त केलेल्या जमिनींवर दक्षिण स्कॉटलंडांतील आणि उत्तर इंग्लंडांतील प्रॉटेस्टंट कुळें आणून बसविण्यांत आलीं. हे लोक बहुतेक सखल प्रदेशांतील आणि दोन्ही राज्यांच्या सीमेवरील होते. त्या सीमेवर पिढ्यानपिढ्या गुरांच्या धाडी, खून आणि सूड ह्यांचेंच राज्य चालत असे, आणि त्या धाडींवर व सूडांवर रचलेलीं कथागीतें हेंच त्यांचें वाङ्मय होतें.

अल्स्टरमध्यें ते शंभर वर्षें राहिले. पण त्यांना स्वस्थता कांहीं मिळाली नाहीं. ते प्रेस्बिटेरियन पंथाचे, आणि राजसत्ता अँग्लिकन चर्चची. १७०४ च्या कायद्यानें त्यांना सरकारी अधिकाराच्या जागा बंद झाल्या. जमिनीचे पट्टे संपले कीं जमीनदार खंड भरमसाट वाढवीत. त्यांत अवर्षणाचीं वर्षें आलीं आणि लिनन कापडाच्या धंद्यालाहि मधूनमधून मंदीचे धक्के बसूं लागले. १७१७-१८ च्या सुमारास जहाजें भरभरून माणसें अमेरिकेकडे निघूं लागलीं, आणि १७७५ सालीं तेथें स्वातंत्र्ययुद्ध सुरू होईपर्यंत हा ओघ कमीअधिक प्रमाणांत चालूच राहिला. एकंदर किती माणसें गेलीं ह्याविषयीं अभ्यासकांचे अंदाज एक लाखापासून अडीच लाखांपर्यंत आहेत. अमेरिकेंत त्यांना 'स्कॉच-आयरिश' हें नांव पडलें.

बहुतेक जहाजें फिलाडेल्फियाच्या बाजूला लागत. पेन्सिल्व्हेनियांत क्वेकर लोकांची सत्ता असल्यामुळें धर्माचा जाच नव्हता. तेथील जेम्स लोगन नांवाचा अधिकारी स्वतः अल्स्टरमध्येंच जन्मलेला. सरहद्दीवर ही झुंजार माणसें बसविलीं म्हणजे आदिवासी इंडियन लोकांविरुद्ध आयतीच भिंत उभी राहील, असा त्याचा हिशेब होता. थोड्याच वर्षांत हे पाहुणे परवानगीवांचून जमिनी बळकावतात, म्हणून तोच लोगन कपाळाला हात लावून बसला! किनाऱ्याजवळची चांगली जमीन आधींच गेलेली, म्हणून नव्या लोकांनीं पश्चिमेकडे आणि मग दक्षिणेकडे तोंड वळविलें. शेनांडोआ नदीच्या खोऱ्यांतून जाणाऱ्या मोठ्या गाडीरस्त्यानें ते व्हर्जिनियांत आणि कॅरोलायनांत उतरले. १७७५ सालीं डॅनियल बूननें कंबरलंडच्या खिंडींतून वाट पाडली, तेव्हां केंटकीचीं दारेंहि उघडलीं. हे डोंगर कांहीं ओसाड नव्हते. चेरोकी आणि इतर जमातींचा तो मुलूख होता, आणि १८३८ सालीं चेरोकींना बंदुकीच्या धाकानें तेथून हांकून दिल्यावरच गोऱ्यांच्या तेथील वस्तीला पूर्ण निश्चिन्तता लाभली.

आतां 'केल्टिक' ह्या शब्दाचा विचार करावा. आयरिश, स्कॉटलंडच्या उंच प्रदेशांतील गेलिक, वेल्समधील वेल्श आणि फ्रान्समधील ब्रेटन ह्या भाषा एका कुळांतल्या आहेत, हें एडवर्ड लुइड ह्या वेल्श पंडितानें १७०७ सालीं दाखवून दिलें, आणि पुढें त्या कुळाला केल्टिक हें नांव रूढ झालें. अल्स्टरला गेलेले बहुसंख्य स्कॉट लोक मात्र गेलिक बोलत नव्हते. त्यांची बोली स्कॉट्स. ती इंग्रजीची सख्खी बहीण आहे. म्हणजे भाषेची कसोटी लावली तर ह्यांना केल्ट म्हणणें कठीणच. गंमत अशी कीं, खरोखर गेलिक बोलणारे हजारों स्कॉट लोकहि अमेरिकेंत आले होते. १७३० नंतर नॉर्थ कॅरोलायनांतील केप फिअर नदीच्या खोऱ्यांत त्यांच्या मोठ्या वसाहती झाल्या. राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टला वेषान्तर करवून पळून जाण्यास साह्य करणारी प्रसिद्ध फ्लोरा मॅक्डोनल्ड हीहि १७७४ सालीं तेथेंच राहावयास आली. तेथील देवळांतून एकोणिसाव्या शतकांतहि गेलिकमध्यें प्रवचनें होत. परंतु त्यांची वस्ती किनाऱ्याकडच्या सपाटीवर होती. डोंगरांतील गाण्यांत गेलिक गीतांचा मागमूसहि क्वचितच लागतो. ज्यांना केल्ट म्हणावयाचें त्यांचीं गीतें विरलीं, आणि ज्यांचीं टिकलीं ते केल्ट नव्हत!

शार्पचा कान ह्या बाबतींत त्याच्या अभिमानापेक्षां अधिक प्रामाणिक होता. चालींच्या घडणीवरून ह्या लोकांचे पूर्वज उत्तर इंग्लंडांतून किंवा इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरून आले असावे, असा तर्क त्यानें आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत केला आहे. इतिहासानें तो बराचसा खरा ठरविला. ग्रंथावर छापलेलें 'इंग्रजी' मात्र तसेंच राहिलें.

नांवाचा वाद बाजूला ठेवला, तर ह्या वसाहतवाल्यांनीं काय आणलें तें सांगणें सोपें आहे, आणि तें थोडें नाहीं. सर्वांत मोठें देणें कथागीतांचें. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड ह्यांनीं १८८२ ते १८९८ ह्या काळांत अशीं ३०५ जुनीं गीतें निवडून, त्यांच्या मिळतील तितक्या पाठांसह छापलीं. त्यांचा भर जुन्या छापील व हस्तलिखित साधनांवर होता. हीं गीतें बव्हंशीं मेलीं आहेत, अशीच तेव्हांची समजूत होती. त्याच वेळीं त्यांच्याच देशाच्या डोंगरांत बायका दूध काढतांना तींच गीतें गात होत्या, हें चाइल्डसाहेबांना कळलें असतें तर काय मौज झाली असती! 'बार्बरा ॲलन' हें गीत तर सॅम्युएल पीप्सनें १६६६ च्या जानेवारींत लंडनमध्यें एका नटीच्या तोंडून ऐकल्याचें आपल्या रोजनिशींत नोंदविलें आहे, आणि तेथें त्यानें त्याला स्कॉच गीत म्हटलें आहे. मरणोन्मुख प्रियकर, त्याच्याशीं कठोरपणें वागलेली आणि मग पस्तावून मेलेली प्रेयसी, एवढीच त्याची कथा. अडीचशें वर्षांनंतर शार्पला डोंगरांत ह्या एकाच गीताच्या चाली पुन्हां पुन्हां मिळाल्या आणि एक चाल दुसरीसारखी नव्हती.

महाराष्ट्रीय श्रोत्याला कथागीत म्हटलें कीं पोवाडा आठवतो; पण हा प्रकार पोवाड्याहून वेगळा आहे. त्यांत डफ-तुणतुणें नाहीं, झील धरणारे साथीदार नाहींत, वीररसाची ललकारी नाहीं. गाणारी बाई साथीवांचून, चेहऱ्यावरची रेषहि न हलवितां, खून आणि विश्वासघात ह्यांची कथा एका संथ आवाजांत सांगत जाते. भावना तिनें दाखवावयाची नसते. ती ऐकणाऱ्यानें आपल्या मनांत आणावयाची असते. चालींचें म्हणाल तर त्यांतील कितीतरी पांचच स्वरांच्या आहेत. आपल्याकडील परिभाषेंत त्यांना औडव म्हणतां येईल. भूपाचे पांच स्वर ज्याच्या कानांत बसले आहेत त्याला त्या परक्या वाटणार नाहींत. दुसऱ्या कित्येक कोमल निषादाच्या आहेत, आणि त्यांची ठेवण कधीं खमाजाच्या, तर कधीं काफीच्या थाटाशीं जुळते. पियानोच्या सवयीनें घडलेल्या शहरी कानांना ह्या चाली अपुऱ्या किंवा उदास वाटत. शार्पला त्यांतच त्यांचें प्राचीनत्व दिसलें.

समुद्र ओलांडतांना गीतांत बदलहि झाले. प्रवासाला गेलेला प्रियकर परत येतो आणि सुताराशीं लग्न झालेल्या आपल्या जुन्या प्रेयसीला पळवून नेतो, असें एक गीत आहे. स्कॉटलंडच्या पाठांत हा प्रियकर वस्तुतः सैतान निघतो आणि जहाजासह तिला बुडवितो. डोंगरांतील पाठांत सैतान गळाला. राहिला एक साधा माणूस, आणि मागें सोडलेल्या तान्ह्या मुलासाठीं रडणारी आई. जहाज बुडतें तें त्याला भोंक पडल्यामुळें. भुतें-राक्षसें अशीं गळून गेलीं, पण उमराव आणि सरदारकन्या मात्र टिकून राहिल्या. ज्यांनीं उभ्या जन्मांत उमराव पाहिला नाहीं त्यांच्या झोंपड्यांत उमरावांचे खून गाइले जात होते. ह्याच साच्यांत मग नव्या भूमीवरील घटनाहि ओतल्या गेल्या. नॉर्थ कॅरोलायनांत १८०८ च्या सुमारास नदींत बुडवून मारलेली नेओमी वाइज, किंवा लॉरा फॉस्टरच्या खुनाबद्दल १८६८ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस फांशीं गेलेला टॉम ड्यूला, हे असेच गीतांत शिरले.

दुसरें देणें फिडलचें. फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाजविण्याची रीत आणि वाजविणाऱ्याची पायरी तेवढी वेगळी. अठराव्या शतकांत स्कॉटलंडांत नील गाऊसारख्या वादकांमुळें हें वाद्य लोकांच्या नृत्याचें मुख्य वाद्य झालें होतें, आणि वसाहतवाल्यांच्या सामानांतून तें सहज आलें. तिकडची 'लॉर्ड मॅक्डोनल्ड्स रील' ही चाल डोंगरांत 'लेदर ब्रिचिस', म्हणजे कातडी विजार, ह्या नांवानें वाजूं लागली! उमरावाची विजार झाली, एवढें खरें. चाल मात्र ओळखूं येते. येथें 'केल्टिक' म्हणणाऱ्यांची बाजू थोडी बळकट होते. कारण नृत्याच्या चाली गेलिक उंच प्रदेश, सखल प्रदेश आणि आयर्लंड ह्यांच्यांत मुक्तपणें ये-जा करीत होत्या, आणि त्यांना भाषेची आडकाठी नव्हती. डोंगरी वादक फिडलच्या तारा नेहमीपेक्षां निराळ्या लावून एक तार सारखी गुंजत ठेवतो. 'बोनापार्टची माघार' ह्या वाजपांत तर तो बॅगपाइपचा अखंड सूरच उमटवितो. धर्मनिष्ठ मंडळी फिडलला 'सैतानाची पेटी' म्हणत, ती अर्थातच ह्या नाचगाण्याच्या धास्तीनें.

भजनांचाहि असाच एक धागा आहे. वाचतां न येणाऱ्या मंडळींसाठीं एकानें ओळ सांगावी आणि सर्वांनीं ती आळवून म्हणावी, ही रीत १६४५ च्या सुमारास वेस्टमिन्स्टरच्या धर्मपरिषदेनें विहित केली. स्कॉटलंडांत ती रुजली. केंटकीतील ओल्ड रेग्युलर बॅप्टिस्ट पंथाच्या देवळांत ती आजहि ऐकूं येते. मात्र ती कृष्णवर्णीयांच्या देवळांतहि ऐकूं येते, आणि येथूनच वंशावळीच्या गाळलेल्या पानांना सुरुवात होते.

डोंगरी संगीताचें चित्र डोळ्यांपुढें आणलें कीं फिडलच्या शेजारीं बँजो दिसतो. हा बँजो कोठून आला? टॉमस जेफर्सन ह्यानें व्हर्जिनियाविषयीं लिहिलेल्या, १७८५ सालीं छापलेल्या पुस्तकांत गुलामांच्या वाद्याचा 'बँजार' असा उल्लेख केला असून, तें त्यांनीं आफ्रिकेहून आणल्याचें स्पष्ट सांगितलें आहे. अर्ध्या भोपळ्यावर कातडें ताणावें, त्याला लांब दांडी बसवावी आणि तारांपैकीं एक आंखूड ठेवावी, असें त्याचें मूळ रूप. पश्चिम आफ्रिकेंतील सेनेगल आणि गॅम्बिया नदीच्या मुलखांत जोला जमातीचे लोक 'अकोंटिंग' नांवाचें असेंच भोपळ्याचें वाद्य वाजवितात. त्यांतहि आंखूड तारेवर आंगठा पडतो आणि नखानें लांब तार खालच्या दिशेनें मारली जाते; डोंगरांतील जुन्या वळणाचे बँजोवादक हात अगदीं तसाच चालवितात. अठराव्या शतकांत हें वाद्य जवळजवळ सर्वस्वीं काळ्या लोकांच्याच हातीं होतें. गोऱ्यांपैकीं तें रंगभूमीवर प्रथम गाजविणारा म्हणून ज्याचें नांव घेतलें जातें तो जोएल स्वीनी (जन्म १८१०) व्हर्जिनियाचा. तो तें तेथील काळ्या वादकांकडूनच शिकला. पुढें चेहऱ्याला काजळ फांसून गुलामांची टवाळी करणारे गोरे नट बँजो घेऊन गांवोगांव फिरले. यादवी युद्धाच्या छावण्यांत आणि नंतर डोंगरांतून आगगाडीचे रूळ टाकणाऱ्या मजुरांच्या तळांवर काळे, गोरे, आयरिश सारेच एकत्र आले, आणि बँजो दऱ्याखोऱ्यांत पोंचला. कांहीं खोऱ्यांत तो त्याआधींच शेजारच्या काळ्या माणसाकडून आलेला होता; कारण डोंगरांत गुलाम थोडे असले तरी नव्हते असें नाहीं.

फिडलसुद्धां केवळ गोऱ्यांचें राहिलें नव्हतें. दक्षिणेंतील मळ्यांवर धन्याच्या मेजवान्यांत वाजविणारा बहुधा गुलामच असे. पळून गेलेल्या गुलामांच्या ज्या जाहिराती वर्तमानपत्रांत येत, त्यांत तो फिडल चांगलें वाजवितो, ही त्याची ओळखखूण म्हणून पुष्कळदां दिलेली आढळते. स्कॉच चालींवर त्यांच्या हातून तालाचा जो नवा हिसका बसला, तो अल्स्टरमध्यें ऐकूं येत नाहीं. डल्सिमर नांवाचें मांडीवर ठेवून वाजविण्याचें वाद्य डोंगरांचें खास प्रतीक मानलें जातें. तेंहि पेन्सिल्व्हेनियांतील जर्मन वसाहतवाल्यांच्या एका लांबट तंतुवाद्यावरून आलेलें आहे. तात्पर्य, ज्याला शुद्ध केल्टिक म्हणावें त्याच्या बैठकींतलीं तीन वाद्यें तीन खंडांतल्या नसल्या तरी तीन समाजांच्या हातचीं आहेत.

मग हीं नांवें गळलीं कशीं? ह्याचें उत्तर संगीतांत सांपडावयाचें नाहीं. १८९९ सालीं केंटकीतील बेरीया कॉलेजचे अध्यक्ष विल्यम फ्रॉस्ट ह्यांनीं एका प्रसिद्ध मासिकांत लेख लिहून डोंगरांतील लोकांना 'आपले समकालीन पूर्वज' असें संबोधिलें. त्यांचा हेतु चांगला होता. त्यांना त्या गरीब लोकांसाठीं शिक्षणाची मदत हवी होती. पण तो काळ दक्षिण आणि पूर्व युरोपांतून लाखों लोक अमेरिकेंत येण्याचा होता, आणि जुन्या घराण्यांना आपलें रक्त बुडेल अशी भीति पडली होती. डोंगरांत निर्भेळ ब्रिटिश रक्ताची ठेव सुरक्षित आहे, ही कल्पना त्यांना फार धीर देणारी वाटली. तिचा अगदीं विषारी शेवट व्हर्जिनियांत पाहावयास मिळतो. तेथील नामांकित संगीतकार जॉन पॉवेल हा १९२४ च्या वंशशुद्धीच्या कायद्याच्या पुरस्कर्त्यांपैकीं एक. ह्या कायद्यानें गोऱ्यांचा इतर वर्णीयांशीं विवाह हा गुन्हा ठरविला होता. १९३१ सालीं व्हाइटटॉप पर्वतावर सुरू झालेल्या लोकसंगीताच्या जत्रेचा सूत्रधारहि हाच पॉवेल होता. तेथें काळ्या वादकांना स्थान नव्हतें. १९३३ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांच्या पत्नी तेथें जाऊन आल्या. जत्रेची कीर्ति एवढी होती.

शार्प पॉवेलच्या माळेंतला नव्हे. पण त्याचेंहि लक्ष हवें तेंच शोधीत होतें. त्याच्या वह्यांत बँजोला जवळजवळ जागाच नाहीं. तरी सत्य त्याच्या वाटेंत आडवें आलेंच. १९१८ च्या मे महिन्यांत व्हर्जिनियांतील नेलीसफर्ड गांवीं त्याला पंचाऐंशी वर्षांची एक काळी वृद्धा भेटली. मारिया टोम्स तिचें नांव. ती पूर्वायुष्यांत गुलाम होती. तिनें त्याला 'बार्बरा ॲलन' म्हणून दाखविलें, आणि तिचें गाणें त्याला फार सुंदर वाटलें. त्यानें चाल टिपून घेतली. ज्या गीताला पीप्सनें स्कॉच म्हटलें आणि शार्पनें इंग्रजी म्हटलें, तें एका आफ्रिकी वंशाच्या स्त्रीनें उभा जन्म सांभाळलें होतें.

ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यानें ही फाळणी पक्की केली. १९२० नंतर कंपन्यांनीं काळ्यांच्या तबकड्यांची एक यादी आणि डोंगरी गोऱ्यांच्या तबकड्यांची दुसरी यादी काढली. दुकानदाराला सोईचें, एवढाच त्यांचा तर्क. १९२७ च्या जुलै-ऑगस्टांत राल्फ पीअर ह्यानें ब्रिस्टल गांवीं यंत्र मांडून ज्यांचीं गाणीं प्रथम मुद्रित केलीं, त्यांत व्हर्जिनियाचें कार्टर कुटुंब होतें. पुढें ए. पी. कार्टर नव्या गाण्यांच्या शोधांत डोंगर पालथे घाली, तेव्हां त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नांवाचा एक पाय गमावलेला काळा गिटारवादक असे. कार्टरनें शब्द टिपावे आणि रिडलनें चाल डोक्यांत सांठवून घरीं आणावी, असा त्यांचा क्रम होता. शार्प आणि कार्पेलीस ह्यांचीच ही दुसरी जोडी म्हणावयाची! तबकडीवर मात्र रिडलचें नांव आलें नाहीं.

डोंगरांतल्या एका मुलीनें गाण्यांचा उलटा प्रवासहि करून पाहिला. केंटकीतील व्हायपर गांवची जीन रिची ही चौदा भावंडांतील सर्वांत धाकटी. तिच्या घराण्यांतल्या मुलींकडून शार्पनें १९१७ सालीं हिंडमनला गाणीं घेतलीं होतीं. १९५२ सालीं फुलब्राइट शिष्यवृत्ति मिळवून ती आपल्या घरच्या गाण्यांचें मूळ पाहण्यासाठीं ब्रिटन व आयर्लंडांत गेली. पति बरोबर, आणि आतां ध्वनिमुद्रणाचें यंत्रहि बरोबर. आयर्लंडच्या उत्तरेकडे सेरा मेकेमसारख्या गायिकांच्या स्वयंपाकघरांत बसून तिनें त्यांचीं गाणीं ऐकलीं आणि आपलीं ऐकविलीं. नातें होतें, त्याविषयीं शंकेला जागा नाहीं. अल्स्टरवाल्यांचा वाटा कमी लेखण्याचें कारण कोणालाहि नाहीं.

दुसऱ्या नात्याचा शोध घ्यावयास आणखी पन्नास वर्षें लागलीं. ज्या डॅनियल बूननें खिंडींतून वाट काढली त्याच्याच नांवाच्या, नॉर्थ कॅरोलायनांतील बून गांवीं २००५ च्या एप्रिलांत काळ्या बँजोवादकांचें संमेलन भरलें. त्या सुमारास रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हीं तीन तरुण मुलें जो टॉम्सन ह्या ऐंशी उलटलेल्या वादकाच्या सहवासांत आलीं. डोंगरांच्या पायथ्याशीं मेबेन गांवीं राहणारा हा काळा फिडलवादक वडिलांच्या मांडीशीं बसून शिकलेला. त्याचा बँजो वाजविणारा चुलतभाऊ वारला होता, आणि त्या घराण्याची जोडी मोडली होती. हीं मुलें दर आठवड्याला त्याच्या घरीं जात. समोर स्वरलिपि नसे. तो एक चाल धरी. हीं त्याच्यामागून ती वाजवीत, आणि हात बसेपर्यंत तीच चाल पुन्हां पुन्हां चाले. २०१२ सालीं जो वारला, तोंपर्यंत त्या चाली त्यांच्या हातांत उतरल्या होत्या.